हात न लावता धगीचे माप



दरवर्षी हंगामाच्या तोंडावर आपल्याकडे बॉयलर अग्निप्रदीपनाचा कार्यक्रम होतो. पूजा होते, नारळ फुटतो, मान्यवरांच्या हस्ते अग्नी पेटतो. पुढे गव्हाणीत मोळी पडते आणि मग आपण सारे आपापल्या कामाला लागतो. आपले लक्ष वजनकाट्याकडे, तोडणीच्या टोळीकडे आणि पहिल्या उचलीकडे. बॉयलरच्या दाराआड जी धग पेटली तिचे पुढे काय होते, ती किती असते, कमी-जास्त झाली तर कुणाला कसे कळते, हे विचारायला सवड कुणाला?

शेतकी खात्याचा माणूस बेणे, लागण, खोडवा सोडून बॉयलरवर काय लिहितो, असेही कुणी म्हणेल. त्याचे उत्तर लेखाच्या शेवटी येईल. त्यात माझीही एक चूक आहे, ती लपवणार नाही.

लोहाराचा डोळा

मी मूळचा वडनेर भोलजीचा, तालुका नांदुरा, जिल्हा बुलढाणा. आमचा भाग घाटाखालचा. कापूस आणि ज्वारीचा मुलूख, ऊस थोडा. कृषी पदविका घेतली आणि नोकरीमुळे उसाच्या भागात आलो. पण धगीचा पहिला धडा मला गावातच मिळाला. आमच्या आळीच्या टोकाला लोहाराचा भाता होता. बैलगाडीच्या चाकाला धाव चढवायची असली की आम्ही पोरे तिथे जमायचो. लोखंडाची धाव विस्तवात लाल व्हायची, फुगायची, मग ती चाकावर बसवून वरून पाणी ओतायचे, की धाव आवळून घट्ट व्हायची. धाव कमी तापली तर चढत नसे, जास्त तापली तर लाकूड जाळी.

लोहारबुवांजवळ कसलेही यंत्र नव्हते. मी एकदा विचारले, "बुवा, कसं कळते आता काढायची म्हणून?" ते म्हणाले, "लोखंड सोताच सांगते, मी तयार झालो म्हणून. तुले पाह्यता आलं पाह्यजे."

बुवा शाळेत गेले नव्हते, पण त्यांचे बोलणे शास्त्राला धरून होते. लोखंड सुमारे ६०० ते ७०० अंश सेल्सिअसला मंद तांबडे दिसते, ८०० ते ९०० ला लालभडक, हजार-अकराशेला नारिंगी-पिवळे आणि १३०० च्या आसपास पांढरे. वस्तू जितकी तापते तितके तिच्यातून किरण जास्त निघतात आणि त्या किरणांची लांबी आखूड होत जाते. हात न लावता धग मोजण्याचे सारे शास्त्र या एका गोष्टीवर उभे आहे.

मग ६०० च्या खालचे काय? तवा काळाच दिसतो, पण हात जवळ नेला की झळ लागते. म्हणजे किरण आहेत, फक्त डोळ्याला दिसत नाहीत. १८०० साली इंग्लंडमध्ये विल्यम हर्शेल या ज्योतिषशास्त्रज्ञाने लोलकातून सूर्याचे ऊन पाडून त्याचे रंग वेगळे केले आणि एकेका रंगात तापमापक ठेवला. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काही दिसत नव्हते, तिथेही पारा चढला. या न दिसणाऱ्या किरणांना आपण अवरक्त किरण म्हणतो. आपल्या अंगातूनसुद्धा ते रात्रंदिवस निघत असतात.

हे किरण टिपणारे कॅमेरे आता सर्रास मिळतात. पडद्यावर गरम जागा पिवळी-पांढरी दिसते, थंड जागा निळी-जांभळी, आणि कोपऱ्यात अंशाचा आकडा येतो. विजेच्या पॅनेलमधला ढिला जोड, कोरडे पडलेले बेअरिंग, भट्टीची विटा ढासळलेली भिंत अशा गोष्टी त्यात चटकन सापडतात. लोहारबुवांच्या डोळ्याला जणू तांबड्याच्या पलीकडचेही दिसू लागले.

कॅमेरा एक सांगतो, घड्याळ एक

गेल्या हंगामात अवकाळी पाऊस झाल्यानंतरच्या आठवड्यात असाच एक कॅमेरा घेऊन एक तरुण प्रतिनिधी कारखान्यावर प्रात्यक्षिक दाखवायला आला होता. योगायोगाने त्या दिवशी गटातले काही सभासद आले होते, तेही बघायला थांबले.

त्याच सुमारास बॉयलरवाल्यांना एक काळजी लागली होती. धूर चिमणीत जाण्याआधी त्याचे तापमान दाखवणारे घड्याळ नेहमी १६० अंशाच्या आसपास असते, ते १९० वर जाऊन बसले होते. घड्याळ बिघडले की बॉयलर, हा प्रश्न होता. प्रतिनिधीने कॅमेरा धुराच्या नळावर धरला, आकडा आला ३८. चिमणीच्या तोंडावर धरला, तिथे तर त्याहून कमी. तो म्हणाला, "तुमचं घड्याळ खराब झालंय." दोघा-चौघांनी माना डोलावल्या. नवे यंत्र, रंगीत पडदा, कोण नाही म्हणणार?

पण मागे उभे असलेले एक वयस्कर सभासद पुढे आले. म्हणाले, "साहेब, चुलीच्या वरच्या हवेत हात धरला तर पोळतो. तुमच्या डब्यानं चुलीच्या वरची हवा बघा बरं, किती दाखवतो." चहाच्या टपरीवर लगेच प्रयोग झाला. कॅमेऱ्यात शेगडी पांढरीफटक, भांडे पिवळे, आणि वरची हात पोळणारी हवा? काहीच नाही. हवेच्या जागी मागच्या भिंतीचा आकडा आला. आजोबा म्हणाले, "मग खोटं कोण बोलतंय? हात का डबा?"

हात खरा होता आणि डबाही खोटा नव्हता. डब्याला विचारला प्रश्न वेगळा आणि उत्तर आले वेगळ्याचे.

गरम हवा दिसत का नाही

तापलेले लोखंड सर्व लांबीचे किरण सोडते. वायूचे तसे नाही. हवेत बहुतेक भाग नायट्रोजन आणि प्राणवायू. हे दोन्ही वायू अवरक्त किरण जवळजवळ शोषत नाहीत आणि जे शोषत नाही ते सोडतही नाही. किर्खोफ या जर्मन शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये हा नियम मांडला. त्याच साली लंडनमध्ये जॉन टिंडल याने वायूंवर प्रयोग सुरू केले आणि दाखवून दिले की पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड मात्र धगीचे किरण चांगले शोषतात. अर्थात ते तापले की किरण सोडतातही, पण सरसकट नव्हे. ठराविक लांबीच्या पट्ट्यातच.

हे आपल्या शेतकऱ्याला नवीन नाही. हिवाळ्यात आभाळ निरभ्र असले की पहाटे हुडहुडी भरते, आणि ढगाळ रात्री गारठा कमी पडतो. जमिनीची धग निरभ्र रात्री वर निसटून जाते, ढग आणि हवेतली वाफ असली की त्यातली काही परत खाली येते.

बाजारातले बहुतेक कॅमेरे ८ ते १४ मायक्रॉन लांबीचे किरण टिपतात. (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) हा पट्टा मुद्दाम निवडलेला असतो, कारण या पट्ट्यात हवा जवळजवळ पारदर्शक असते. हवा मध्ये आली नाही तरच पलीकडची वस्तू स्वच्छ दिसणार. मग त्याच कॅमेऱ्याला हवेचे तापमान विचारले, तर तो सांगणार कसे? मे महिन्यात वडनेरवरून जाणाऱ्या महामार्गावर दुपारी झळा नाचताना दिसतात. कॅमेरा लावला तर आकडा येईल तो डांबराचा, झळांचा नव्हे.

चिमणीच्या तोंडावर तेच झाले. धुरातून पलीकडचे थंड आकाश दिसले. धुराच्या नळावर ३८ आले त्याचे कारण आणखी वेगळे. त्या नळावर उष्णता राखणारे आवरण असते आणि वर चकचकीत ॲल्युमिनियमचा पत्रा. चकचकीत पत्रा स्वतःचे किरण फार थोडे सोडतो आणि आरशासारखे आजूबाजूचे परतवतो. त्यामुळे कॅमेऱ्याला पत्र्याचेसुद्धा खरे तापमान कळले नव्हते, आतल्या धुराचे तर दूरच. अशा पत्र्यावर काळ्या रंगाचा ठिपका दिला किंवा चिकटपट्टी लावली आणि त्या जागेवर कॅमेरा धरला, तर पत्र्याचा आकडा बरोबर येतो. काचेचेही ध्यानात ठेवावे. आपल्याला काचेतून दिसते, पण या कॅमेऱ्याला साधी काच भिंतीसारखी आहे.

मग वायूची धग मोजायची कशी

यासाठी तीन वाटा आहेत.

पहिली वाट साधी. वायूला दिसत नाही ना, मग त्यात दिसणारी वस्तू धरा. आमच्या चीफ इंजिनिअर साहेबांनी त्याच दिवशी दाखवले. साखर वाळवण्याच्या गरम हवेच्या पंख्यापुढे त्यांनी पातळ कापड ताणून धरायला लावले. घटकाभरात कॅमेऱ्यात कापडावर चित्र उमटले, मध्ये गरम, कडेला गार, आणि मधला आकडा तिथल्या तापमापकाशी जुळता. कापड पातळ असल्यामुळे हवेइतकेच तापते आणि किरण सोडते. ज्योतीचे तापमान मोजायला प्रयोगशाळेत याच तत्त्वावर केसाहून बारीक तंतू ताणतात. तंतू चमकतो आणि त्याच्या चमकेवरून ज्योतीची धग कळते.

दुसरी वाट खास कॅमेऱ्याची. भट्टीतल्या वायूत कार्बन डायऑक्साइड भरपूर असतो आणि त्याचा जोरकस पट्टा ४.३ मायक्रॉनच्या आसपास आहे. परंतु नेमक्या त्या लांबीवर बघितले तर कॅमेरा आणि भट्टी यांच्या मधल्या थंड हवेतला कार्बन डायऑक्साइडच किरण गिळून टाकतो. म्हणून थोडे बाजूला, ४.५ मायक्रॉनच्या आसपास बघतात. तिथे तापलेला वायू किरण सोडतो आणि थंड हवा फारशी आड येत नाही. उलट वायू नको, पलीकडच्या नळ्या बघायच्या आहेत, तर ३.९ मायक्रॉनची चाळणी लावतात. त्या लांबीवर वायू जवळजवळ पारदर्शक असतो आणि ज्वाळेतून पलीकडची नळी दिसते. कॅमेऱ्यापुढे कोणती चाळणी लावली, यावर तो वायू मोजणार की भिंत, हे ठरते.

या कॅमेऱ्याचीही मर्यादा आहे. त्याला भट्टीतला एक ठिपका दिसत नाही, त्याच्या नजरेच्या रेषेत आलेल्या साऱ्या थरांची बेरीज दिसते. वायू दाट असेल तर जवळच्या थराचा वाटा मोठा. शिवाय बगॅसच्या भट्टीत जळते कण आणि राख उडत असते, तीही चमकते. म्हणून आकड्याचा अर्थ लावायला अनुभवी माणूस लागतोच.

हीच मर्यादा शास्त्रज्ञांनी हवामानाच्या कामी मोठ्या खुबीने वापरली आहे. २६ जुलै २०१३ रोजी भारताचा इन्सॅट-३डी हा उपग्रह सोडला गेला. त्यावर साउंडर नावाचे उपकरण बसवले होते, त्याला १८ अवरक्त पट्टे होते. कार्बन डायऑक्साइड ज्या लांबीवर फार दाट असतो तिथे वरून बघितले तर हवेचा फक्त वरचा थर दिसतो, जिथे तो विरळ वाटतो तिथे नजर खालपर्यंत पोचते. अनेक पट्टे जुळवले की सुमारे ३६,००० किलोमीटरवरून हवेच्या थराथराचे तापमान काढता येते. हवेला हात न लावता तिची धग मोजण्याचा याहून मोठा नमुना कुठला? २०१६ चा इन्सॅट-३डीआर आणि फेब्रुवारी २०२४ चा इन्सॅट-३डीएस हे त्याच मालिकेतले पुढचे उपग्रह.

तिसरी वाट जुनीच, वायूत थर्मोकपल घालण्याची. चिमणीकडच्या दीड-दोनशे अंशाच्या धुरात ते चांगले काम देते. भट्टीच्या हजार अंशाच्या धगीत मात्र त्याची दोन दुखणी आहेत. राखेच्या माऱ्याने ते झिजते, आणि सभोवतीच्या पाण्याच्या नळ्या त्याच्यापेक्षा थंड असल्यामुळे ते आपली धग त्यांना देऊन बसते व कमी आकडा दाखवते. हात न लावता मोजण्याची धडपड म्हणूनच आहे.

घड्याळ खरे निघाले

चीफ इंजिनिअर साहेबांनी दुसरे तपासलेले थर्मोकपल आणवून धुराच्या नळाला असलेल्या तपासणीच्या भोकातून आत घातले. आकडा १९० च्याच जवळ आला. घड्याळ शाबूत होते. धूरच जास्त गरम जात होता.

याचा अर्थ गृहिणींना लगेच कळेल. कढईच्या बुडाला काजळीचा जाड थर बसला की आच तेवढीच असून पाणी उशिरा उकळते, आणि आच कडेने वर निघून जाते. बॉयलरच्या नळ्यांवर राखेचा थर बसला होता. धग पाण्यात जाण्याऐवजी चिमणीतून आभाळात चालली होती.

किती नुकसान? धुराचे तापमान साधारण २२ अंश वाढले की बॉयलरची कार्यक्षमता एक टक्क्याने घटते, असा ठोकताळा आहे. एक टक्का ऐकायला थोडा वाटतो. समजण्यापुरता हिशेब करू. रोज २,५०० टन गाळणाऱ्या कारखान्यात उसाच्या २८ टक्के धरला तर ७०० टन बगॅस निघतो. त्याचा शंभरावा भाग म्हणजे रोजचे ७ टन. १५० दिवसांच्या हंगामात हजार टनांच्या वर. हा बगॅस वाचला तर तो विकता येतो किंवा त्यातून वीज होते, आणि ते पैसे शेवटी उसाच्या दरातच येतात.

आणि हे झाले फक्त जळणाचे. दुर्लक्ष केले असते आणि ऐन हंगामात नळी फुटली असती, तर गाळपच थांबले असते. आवारात गाड्यांची रांग, फडात तोडलेला ऊस, उन्हात घटणारे वजन आणि उतरणारा उतारा. त्या दिवशी रंगीत पडद्यावर विसंबून आम्ही घड्याळच बदलले असते, तर हेच व्हायचे होते. तसे न होता एक पाळी बॉयलर थांबवून नळ्या साफ केल्या. दुसऱ्या दिवशी घड्याळ १६५ वर आले.

राख आली कुठून

आता माझ्या चुकीकडे येतो. नळ्यांवरून जी राख निघाली तिच्यात वाळू होती. बगॅसला स्वतःची राख थोडीच असते. उसाबरोबर माती आली की ती बगॅसमध्ये जाते, भट्टीत जाते, थोडी वितळते, नळ्यांना चिकटते, आणि उरलेली वाळू धुराच्या वेगात नळ्या खरवडते. अवकाळीनंतर शेतात चिखल होता. दोन दिवस थांबून वाफसा येऊ द्यायला हवा होता. पण गव्हाण रिकामी राहू नये म्हणून त्या आठवड्याच्या तोडचिठ्ठ्या मीच सोडल्या. मुळ्यांसकट, मातीच्या ढेकळांसकट मोळ्या आल्या. काट्यावर वजन भरले, पण त्यातली काही माती होती.

ओला पालाही तसाच. एक किलो पाण्याची वाफ करून बाहेर घालवायला ६०० किलोकॅलरीपेक्षा जास्त उष्णता लागते. ५० टक्के ओलाव्याचा एक किलो बगॅस जळून एकूण सुमारे २,२७० किलोकॅलरी मिळतात. म्हणजे जळणाबरोबर गेलेले प्रत्येक किलो जादा पाणी त्यातला चौथा हिस्सा खाऊन टाकते. भट्टीची धग बसते, वाफेचा दाब उतरतो, मिल मंदावते.

म्हणून सभासदांना हात जोडून विनंती. ऊस जमिनीलगत छाटावा, पण मुळ्या आणि माती झटकूनच मोळी बांधावी. वाढे व पाचट मोळीत येऊ देऊ नये. पाचट शेतातच आच्छादन म्हणून ठेवावे, ते खोडव्याला सोने आहे. पाऊस झाला तर वाफसा येईपर्यंत तोड मागू नये, आणि शेतकी विभागाने घाई केली तर आम्हालाही थांबवावे. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडेल असे बघावे.

हंगाम संपल्यावर मी गावी गेलो होतो. लोहारबुवा आता नाहीत. त्यांचा मुलगा महामार्गाच्या कडेला वेल्डिंगचे दुकान चालवतो. त्याला मी ही सारी हकीकत सांगितली. तो हसून म्हणाला, "मंग भाऊ, येवढा मोठा कॅमेरा लावून पाह्यलं काय?"

मी म्हणालो, "माझ्याच चिठ्ठ्या."

तो म्हणाला, "बरं झालं. बाप म्हने ना, पाह्यता आलं पाह्यजे."

कॅमेरे येतील, आणखी चांगले येतील, आपल्या कारखान्यातही कधी येतील. त्यांचे स्वागतच आहे. पण यंत्राला नेमके काय दिसते आणि काय दिसत नाही, हे विचारल्याशिवाय त्याच्या आकड्यावर मान डोलावू नये. त्या दिवशी हा प्रश्न एका सभासदाने विचारला, म्हणून कारखान्याचा हंगाम नीट गेला. असे प्रश्न विचारत चला.

आपला,
ऊस विकास अधिकारी